दोन सह्या आणि एक घोडा : एडनच्या बागेचं प्रकरण

नेदरलँड्समधल्या द हेग शहरातल्या मॉरित्सहाउस संग्रहालयात ओकच्या लाकडाची एक रंगवलेली फळी आहे. उंची 74.3 सेंटिमीटर, रुंदी 114.7 सेंटिमीटर. चार माणसांच्या जेवणाच्या टेबलाएवढी. एवढ्याशा जागेत एक अख्खी बाग आहे, बागेत सिंह, बिबटे, गायी, कुत्री, मोर, टर्की, बदकं, डहाळ्यांवर बसलेले लालभडक मकाव पोपट, आणि डाव्या बाजूला झाडाखाली आदम आणि ईव्ह. चित्राचं नाव 'एडनची बाग आणि मानवाचं पतन'. काळ साधारण 1615, गाव आजच्या बेल्जियममधलं अँटवर्प.

प्रकरण सुरू होतं ते चित्राच्या खालच्या दोन कोपऱ्यांपासून. डाव्या कोपऱ्यात लॅटिनमध्ये लिहिलंय : 'पेत्री पौली रूबेन्स फिगर'. म्हणजे आकृती पीटर पॉल रूबेन्सच्या. उजव्या कोपऱ्यात : 'आय ब्रूगेल फेक'. म्हणजे यान ब्रूगेलने हे केलं. एक चित्र, दोन सह्या. त्या काळात अँटवर्पमध्ये दोघातिघांनी मिळून चित्र काढणं रोजचंच होतं, पण दोघांनीही आपापल्या कोपऱ्यात सही करून कोणी काय केलं हे लिहून ठेवणं मात्र विरळा.

वरवर पाहिलं तर वाटणी सोपी दिसते. माणसं रूबेन्सची, बाकी सगळं, म्हणजे झाडं, पानं, फळं, पशू, पक्षी, ब्रूगेलचं. शाळेतल्या चित्रकलेच्या तासालाही आपण असंच शिकतो : रूबेन्स म्हणजे मांसल देह, ब्रूगेल म्हणजे बारीक नक्षी. पण आदमच्या मागे डावीकडे एक घोडा उभा आहे. तो घोडा ब्रूगेलचा नाही, रूबेन्सचा आहे. आदम आणि ईव्ह ज्या झाडाखाली आहेत ते झाडही रूबेन्सचं, आणि झाडाला वेढा घातलेला सापही त्याचाच. मग 'आकृती' या शब्दात घोडा मोडतो का? माणूस आणि प्राणी यांच्यामध्ये जी रेघ सही आखते, ती रंगाने का पाळली नाही? मला या चित्रात सगळ्यात जास्त रस या घोड्यामुळे वाटतो, म्हणून हे प्रकरण मी घोड्याच्या बाजूने मांडतोय.

फळीवर काय आहे

आधी नीट पाहून घेऊ, कारण या चित्राचे फोटो बहुतेक वेळा आदम-ईव्हपाशी कापलेले असतात. त्या कापण्यातच अर्धं चित्र जातं.

ईव्ह उभी आहे. तिचा एक हात वर, सापाच्या तोंडातल्या फळाकडे. दुसऱ्या हाताने ती फळ आदमला देतेय. आदम बसलेला, तिच्याकडे वळलेला. घास अजून कोणी घेतलेला नाही. आदमच्या जवळ एक छोटं माकड मात्र फळ चावतंय. ईव्हच्या टाचांपाशी एक मांजर. पलीकडच्या बाजूला फळांनी लगडलेलं आणखी एक झाड, ते जीवनवृक्ष म्हणून ओळखलं जातं.

मधून नजर दूरवर जाते. ब्रूगेलने त्यासाठी फ्लेमिश, म्हणजे अँटवर्पच्या भागातल्या, निसर्गचित्रकारांची जुनी युक्ती वापरली आहे : अगदी पुढची जमीन तपकिरी, मधला भाग हिरवा, दूरचा निळा. तीन पट्टे एकात एक विरघळतात आणि लहानशा फळीवर कोसभर अंतर तयार होतं. त्या अंतरात प्राणी लहान लहान होत जातात. पुढच्या प्राण्यांचा केस न् केस मोजता येईल, मागचे नुसते दोनचार ठिपक्यांचे.

आणि कोणीच कोणाला खात नाहीये. हे पहिल्या नजरेत लक्षात येत नाही, कारण आपण शिकारीची दृश्यं पाहायला सरावलेले असतो. बिबटे एकमेकांशी खेळतायत. जवळच गाय उभी आहे आणि तिला पळण्याची गरज वाटत नाही. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात देव सर्व पशुपक्ष्यांना अन्न म्हणून हिरवा पाला देतो. त्या हिशेबाने एडनमधला सिंहही शाकाहारी. ब्रूगेलने हे तंतोतंत मानलं आहे. ईव्हच्या हातातलं, देवाने खाऊ नका म्हणून बजावलेलं फळ आदमच्या तोंडात गेलं की हा सगळा करार मोडणार, हे चित्र पाहणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला तेव्हा ठाऊक होतं. म्हणूनच तो खेळणारा बिबट्या बघताना काळजात काहीतरी हलतं.

दोघं कोण, आणि एकत्र का

यान ब्रूगेल 1568 मध्ये ब्रसेल्सला जन्मला. वडील म्हणजे शेतकऱ्यांची आणि ऋतूंची चित्रं काढणारा थोर पीटर ब्रूगेल. ते 1569 मध्ये गेले, तेव्हा यान जेमतेम वर्षाचा. तो इटलीत राहिला, तिथे कार्डिनल फेदेरिको बोरोमेओ या कलाप्रेमी धर्मगुरूचा आश्रय त्याला मिळाला, आणि 1596 मध्ये तो अँटवर्पला परतला. पुढे तो ब्रसेल्सच्या दरबारात आर्चड्यूक अल्बर्ट आणि इसाबेला या तिथल्या राज्यकर्त्या जोडप्याचा चित्रकार झाला. रंगाच्या मऊपणामुळे लोक त्याला 'मखमली ब्रूगेल' म्हणत.

रूबेन्स त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. तो 1600 ते 1608 इटलीत होता. परतल्यावर 1609 मध्ये स्पेन आणि डच बंडखोरांत बारा वर्षांचा तह झाला, अँटवर्पने श्वास घेतला, चर्च आणि श्रीमंत घरं पुन्हा चित्रं मागवू लागली. रूबेन्सची मोठी कार्यशाळा उभी राहिली ती याच काळात.

दोघांची मैत्री कामापुरती नव्हती. बोरोमेओला इटालियनमध्ये पत्रं पाठवायची तेव्हा ब्रूगेलची पत्रं रूबेन्स लिहून देई. ब्रूगेल त्याला कौतुकाने आपला 'सेक्रेटरी' म्हणायचा. रूबेन्सने ब्रूगेलचं बायकोमुलांसह चित्र काढलं, ते आज लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात आहे. दोघांनी मिळून पंचवीसच्या आसपास चित्रं काढली. माद्रिदच्या प्रादोमधली पंचेंद्रियांची मालिका (1617-18) त्यातली सगळ्यात प्रसिद्ध.

आता बाजाराचा भाग, आणि तो समजल्याशिवाय सह्या समजत नाहीत. अँटवर्पमध्ये चित्रकार आपापल्या विषयात वाकबगार होते. एक माणसं काढी, एक फुलं, एक निसर्ग, एक जनावरं. गिऱ्हाइकाला उत्तम माणसं आणि उत्तम फुलं दोन्ही हवी असतील, तर दोन उस्ताद एका फळीवर आणायचे. आपल्याकडे मुघल चित्रशाळेत रेखाटन एकाचं, रंगकाम दुसऱ्याचं, चेहरे तिसऱ्याचे, आणि कडेला कारकून त्यांची नावं नोंदवी. अँटवर्पची रीत वेगळी होती, कारण तिथे दोघंही आपापल्या घरचे मालक होते, एका बादशहाचे नोकर नव्हते. पण कौशल्याची वाटणी करण्यामागचा विचार मराठी वाचकाला परका वाटू नये.

या वाटणीबद्दल स्वतः रूबेन्स काय बोलतो ते 1618 च्या एप्रिलमधल्या एका पत्रात आहे. हेगमधले इंग्लंडचे राजदूत डडली कार्लटन यांच्याकडे प्राचीन संगमरवरी मूर्ती होत्या, रूबेन्सला त्या हव्या होत्या. बदल्यात देण्याजोग्या चित्रांची त्याने यादी पाठवली. यादीत प्रत्येक चित्रापुढे किंमत आणि कोणाचा हात किती हे लिहिलंय. साखळदंडात जखडलेला ग्रीक कथेतला प्रोमेथ्यूस : मूळ माझ्या हातचं, गरुड मात्र स्नायडर्सचा (हा अँटवर्पचाच प्राणी काढणारा चित्रकार), 500 फ्लोरिन, म्हणजे तेव्हाची नाणी. बायबलमधला सिंहांमध्ये टाकलेला डॅनियल : सिंह प्रत्यक्ष पाहून काढलेले, सगळं माझ्या हातचं, 600 फ्लोरिन. बिबटे आणि वनदेवता : माझ्या हातचं, फक्त निसर्ग त्या कामातल्या कुशल उस्तादाचा, हेही 600.

हा माणूस किती सरळ हिशेब मांडतो बघा. दुसऱ्याचा हात लागला म्हणून तो लपवत नाही. आणि यादीतला एक तपशील आपल्या घोड्याच्या दिशेने बोट दाखवतो : प्राणी काढण्यात रूबेन्स स्वतःला कमी समजत नव्हता. गरुड त्याने दुसऱ्याला दिला, सिंह आणि बिबटे स्वतःकडे ठेवले. म्हणजे माणूस-प्राणी अशी त्याची वाटणी कधीच नव्हती. पिसांचं बारीक काम स्नायडर्सचं. ताकद, वजन, वळणारं शरीर, मग ते माणसाचं असो की सिंहाचं, रूबेन्सचं. त्याच्या तोंडी 'आकृती' या शब्दाचा खरा अर्थ हा असावा असं मला वाटतं. घोडा त्यात आपसूक येतो.

हात ओळखायचा कसा

रूबेन्सचा रंग पातळ असतो. तो खालचा थर पूर्ण झाकत नाही. त्या काळचे अँटवर्पचे चित्रकार ओकच्या फळीवर आधी खडू आणि सरस यांचा पांढरा लेप देत, तो घासून गुळगुळीत करत आणि त्यावर पातळ करडा-तपकिरी हात फिरवत. रूबेन्स हा तपकिरी थर मधूनमधून उघडा ठेवतो आणि त्यालाच सावली म्हणून वापरतो. कातडीच्या सावल्या त्यामुळे आतून उबदार दिसतात. आदमच्या अंगावर, झाडाच्या खोडावर आणि घोड्यावर हीच रीत दिसते.

ब्रूगेलचं उलटं. तो झाकतो, आणि झाकलेल्यावर पुन्हा काढतो. पानाचा आधी गडद आकार, मग मधला हिरवा, मग कडेला फिकट पिवळट रेघ, आणि सगळ्यात शेवटी उजेडाचा एक ठिपका. पिसं, लोकर, फळांची चकाकी, सगळं अशा लहान लहान फटकाऱ्यांनी. भिंगातून पाहिलं तरी त्याचं काम तुटत नाही. रूबेन्सचं काम भिंगाखाली तुटतं, आणि दोन पावलं मागे गेलं की परत जुळतं. दोन हात शेजारी शेजारी असलेलं हे चित्र म्हणूनच शिकणाऱ्यासाठी फार मोलाचं आहे.

डोळ्यांच्या पुढे यंत्रं येतात. इन्फ्रारेड किरणांनी रंगाखालचं काळं रेखाटन दिसतं. क्ष-किरणांत शिशाचा पांढरा रंग उजळ दिसतो, म्हणून कोणता आकार आधी आला आणि कोणत्यासाठी जागा राखून ठेवली होती हे कळतं. गवताची पाती एखाद्या प्राण्याच्या खुरावरून गेली असतील तर खूर आधीचा. खुराच्या कडेशी येऊन गवत थांबलं असेल तर दोघांपैकी कोणीतरी दुसऱ्याची वाट पाहिली. 2006 मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने आणि त्यापाठोपाठ मॉरित्सहाउसने या दोघांच्या जोडचित्रांचं एकत्र प्रदर्शन भरवलं, आणि त्यानिमित्ताने ही तांत्रिक तपासणी मोठ्या प्रमाणावर झाली.

पण घोड्याविषयी सगळ्यात बोलका पुरावा माझ्या मते यंत्रातून आलेला नाही. तो दुसऱ्या एका चित्रात आहे. 1613 मध्ये, म्हणजे एडनच्या दोनेक वर्षं आधी, ब्रूगेलने एकट्याने 'नोहाच्या नौकेत प्राण्यांचा प्रवेश' हे चित्र काढलं. ते आज गेटीमध्ये आहे. त्यातले सिंह, बिबटे आणि घोडा ब्रूगेलने रूबेन्सच्या चित्रांवरून उचललेले आहेत. यात चोरी नव्हती. मित्राच्या कार्यशाळेत तो जात-येत होता, आणि उत्तम घोडा कोणाकडे मिळतो हे त्याला माहीत होतं.

1613 मध्ये ब्रूगेलने रूबेन्सचा घोडा स्वतःच्या हाताने उतरवून घेतला, आणि 1615 च्या सुमाराला त्याच जातीचा घोडा काढायला त्याने फळीच रूबेन्सपुढे ठेवली. या दोन वर्षांत काय बोलणं झालं असेल, कोणास ठाऊक. पण ब्रूगेलसारख्या जनावरांत नाव कमावलेल्या माणसाने आपल्या चित्रातलं मोक्याच्या जागेवरचं जनावर मित्राला द्यावं, यात मला मोठेपणा दिसतो. त्याला स्वतःला घोडा येत नव्हता असं नाही. नौकेच्या चित्रातला त्याचा घोडा सुंदर आहे. आदमच्या पाठीशी मात्र आदमच्याच वजनाचं, त्याच हाताने घडलेलं शरीर हवं होतं. माणसं एका हाताची आणि त्यांना चिकटून उभा असलेला घोडा दुसऱ्या हाताचा असता, तर त्या दोघांमध्ये शिवण दिसली असती. रूबेन्सचा घोडा आणि रूबेन्सचं झाड मिळून माणसांभोवती एक कडं तयार करतात. शिवण त्या कड्याच्या बाहेर सरकते, पानांत आणि फांद्यांत हरवते.

प्राणी आले कुठून

ब्रूगेलचे प्राणी एकाच ठिकाणाहून आलेले नाहीत. ब्रसेल्सला अल्बर्ट-इसाबेलांच्या राजवाड्याजवळ प्राणिसंग्रह होता, पिंजऱ्यातले पक्षी होते, आणि दरबारी चित्रकार म्हणून ब्रूगेलला तिथे मुभा होती. 1606 मध्येच तो बोरोमेओला कळवतो की अँटवर्पमध्ये न मिळणारी काही फुलं समोर ठेवून काढण्यासाठी आपण ब्रसेल्सला जाऊन आलो. 1621 मध्ये दुसऱ्या एका चित्राबद्दल तो लिहितो की त्यातले पशुपक्षी इन्फांता (म्हणजे स्पेनची राजकन्या) इसाबेलाकडच्या जिवंत प्राण्यांवरून काढले आहेत. 'प्रत्यक्ष पाहून' हा त्या काळात किमतीचा शब्द होता. कार्लटनच्या यादीत रूबेन्सही तो वापरतो ते काही उगाच नाही.

दुसरा स्रोत पुस्तकं. झुरिकचा कॉनराड गेस्नर 1551 पासून प्राण्यांचा भलाथोरला कोश छापत होता, त्यात लाकडी ठशांची चित्रं होती. तिसरा स्रोत मित्रांची चित्रं, ते वर आलंच.

एडनच्या बागेत टर्की आणि मकाव काय करतायत हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. दोन्ही अमेरिका खंडातले. बायबल लिहिणाऱ्यांना त्यांची वार्ता असण्याचं कारण नव्हतं. ब्रूगेलच्या काळात मात्र स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांतून हे पक्षी युरोपात येऊन शंभरेक वर्षं उलटली होती. देवाने सगळे प्राणी एकाच बागेत निर्माण केले असतील, तर नव्याने सापडलेले प्राणीही तिथे असलेच पाहिजेत, असा साधा आणि प्रामाणिक तर्क त्यामागे आहे. त्यामुळे हे चित्र जगाची जुनी गोष्ट सांगत असताना अँटवर्पच्या बंदराची ताजी खबरही देतं. प्राण्यांची पूर्ण यादी करण्याची त्या काळची हौस, जी पुढे प्राणिशास्त्र झाली, ती इथे धर्मचित्राच्या पोटात वाढतेय.

माकड आणि मांजर यांच्याबद्दल थोडं. फळ चावणारं माकड म्हणजे पाप, ईव्हच्या पायाशी असलेलं मांजर म्हणजे कपट आणि क्रौर्य, असा अर्थ लावला जातो, आणि त्या काळच्या ख्रिस्ती प्रतीकांत त्याला आधार आहे. तेवढं मान्य. पण प्रत्येक बदकाला आणि सशाला एकेक अर्थ चिकटवण्याचा मोह होतो तिथे मी थांबतो. ब्रूगेलला प्राण्यांची माया होती. कुत्रं बदकांवर भुंकतंय, त्यात त्याला निव्वळ मजा वाटली असेल. ती मजा त्याच्याकडून काढून घ्यायचं आपल्याला कारण नाही.

एका गव्हाणीवर सिंह आणि बैल

इथे अँटवर्पचा एक धागा आपल्याकडे येतो. ओढूनताणून आणलेला नाही, खराच आहे.

सिंह आणि वासरू, लांडगा आणि कोकरू एकत्र नांदतील, हे बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याचं भविष्य. अँटवर्पच्या क्रिस्तोफ प्लान्टिनने 1568 ते 1573 या काळात अनेक भाषांतलं बायबल आठ खंडांत छापलं. त्याच्या मुखपृष्ठाच्या कोरीव चित्रात सिंह, बैल, लांडगा आणि कोकरू एकाच गव्हाणीवर चरतायत. हा छापखाना अँटवर्पच्या चित्रकारांना परका नव्हता. पुढे तो चालवणारा प्लान्टिनचा नातू बाल्थासार मोरेटुस रूबेन्सचा मित्र, आणि त्याच्या पुस्तकांची मुखपृष्ठं रूबेन्सने काढून दिली.

1579 च्या नोव्हेंबरात रुडॉल्फ अक्वाविवा हे जेझुइट पंथाचे ख्रिस्ती धर्मगुरू आणि त्यांचे सोबती गोव्याहून अकबराच्या दरबाराकडे निघाले. 1580 च्या फेब्रुवारीत ते फत्तेपूर सिक्रीला पोचले आणि हेच बायबल त्यांनी बादशहाला भेट दिलं. पुढच्या काळात, विशेषतः जहांगीर आणि शाहजहान यांच्या चित्रांत, बादशहाच्या पायाशी सिंह आणि कोकरू शेजारी बसलेले दिसू लागतात. कलेचे अभ्यासक त्याचा एक उगम या मुखपृष्ठाशी जोडतात. अर्थ मात्र बदलला. अँटवर्पमध्ये ती हरवलेली किंवा येणारी देवाची बाग होती, आग्र्याला ती न्यायी राजाची खूण झाली. आपण मराठीत चांगल्या राज्याबद्दल बोलताना वाघ आणि शेळी एका पाणवठ्यावर पाणी पितात म्हणतो, त्याच्या जवळची. ही कल्पना आपल्या मातीत आधीपासून होती, तपोवनांच्या वर्णनांत हरणं निर्धास्त फिरतातच. कदाचित म्हणूनच परदेशी चित्र इथे इतक्या लवकर रुजलं.

फळी कोणाकोणाकडे गेली

ब्रूगेलच्या बागेचा नंतरचा एक मालक खरोखरचा बागकाम करणारा होता. हॉलंडमधल्या लायडन शहरातल्या श्रीमंत कापड व्यापारी घराण्यातला पीटर दे ला कूर फान देर फोर्ट (1664-1739) याच्याकडे हे चित्र होतं. याने आपल्या बागेत काचघरं उभारून अननस पिकवले, युरोपात अननस पिकवणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी तो एक, आणि 1737 मध्ये त्याने बागा आणि काचघरं यांवर पुस्तक छापलं. अमेरिकेतलं फळ हॉलंडच्या थंडीत वाढवणाऱ्या माणसाच्या भिंतीवर अमेरिकेतल्या पोपटांची बाग. मला ही गोष्ट कळली तेव्हा फार आनंद झाला होता. पुढे चित्र त्याचा मुलगा आलार्ड आणि सून कातारिना बाकर यांच्याकडे आलं. कातारिना स्वतः फुलांची चित्रं काढायची. तिच्या मृत्यूनंतर 1766 मध्ये संग्रह विक्रीला निघाला आणि ऑरेंजचा राजपुत्र विल्यम पाचवा याने हे चित्र विकत घेतलं.

विल्यमला चित्रांचा नाद होता तसाच जनावरांचा. 1774 मध्ये त्याने हेगमध्ये आपलं चित्रदालन लोकांना खुलं केलं. त्याच्या प्राणिसंग्रहात श्रीलंकेहून आलेले दोन हत्ती होते, हान्स आणि पार्की. 1795 मध्ये फ्रेंच सैन्य आलं, विल्यम इंग्लंडला पळाला, आणि त्याचा संग्रह जप्त होऊन पॅरिसला गेला. एडनची बाग लूव्रमध्ये पोचली. पाउलुस पॉटरचा प्रचंड 'बैल'ही तिच्यासोबत होता. हत्ती चालवून आणि गाड्यांत घालून न्यायला वेळ लागला, ते 1798 मध्ये पॅरिसच्या वनस्पती उद्यानात पोचले. तिथे त्याच वर्षी संगीतशाळेच्या वादकांनी हत्तींवर संगीताचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्यांच्यापुढे मैफल केली. चित्रातली जनावरं आणि जिवंत जनावरं, दोन्ही एकाच लढाईची लूट होती.

नेपोलियन पडल्यावर, 1815 मध्ये, चित्र हेगला परत आलं. हत्ती परतले नाहीत. हान्स तर 1802 मध्येच मेला होता. 1822 मध्ये मॉरित्सहाउस संग्रहालय म्हणून उघडलं, आणि फळी तेव्हापासून त्या संग्रहात आहे.

मग चित्र कोणाचं

लूट करणाऱ्यांच्या आणि विकणाऱ्यांच्या लेखी मोठं नाव रूबेन्सचं. आजही लोक हे चित्र आधी 'रूबेन्सचं' म्हणतात आणि मग आठवल्यासारखं ब्रूगेलचं नाव जोडतात. मला ते पटत नाही. संग्रहालय ब्रूगेलचं नाव आधी लिहितं आणि ते बरोबर आहे. विषय ब्रूगेलचा. स्वर्गीय बागेचं असं प्राण्यांनी भरलेलं निसर्गचित्र हा प्रकार रुजवला त्याने, त्याच्यानंतर त्याचा मुलगा धाकटा यान आणि इतर अनेक जण तेच वळण गिरवत राहिले. दृश्याचा मोठा भाग त्याच्या हातचा. 'हे केलं' हा शब्द त्याच्या सहीत आहे, रूबेन्सच्या सहीत नाही. रूबेन्सने स्वतः आपल्या कोपऱ्यात फक्त 'आकृती' एवढंच मागितलं आहे. हिशेबाला पक्क्या असलेल्या त्या माणसाचा शब्द आपण का मोडायचा?

एक उत्तर असंही देता येईल की चित्राचा प्राण आदम-ईव्हमध्ये आहे आणि तो रूबेन्सने ओतला. देह त्याने ओतला हे खरं. पण झाकून बघा : आदम-ईव्हवर हात ठेवला तरी बाग उरते, तिच्यात वारा उरतो, बिबटे खेळत राहतात. बाग झाकली तर झाडाखाली उघडी दोन माणसं उरतात, सुंदर, पण त्यांनी नेमकं काय गमावलं ते कळायला मार्ग राहत नाही.

1625 च्या जानेवारीत अँटवर्पमध्ये साथ आली. यान ब्रूगेल आणि त्याची तीन मुलं तिच्यात गेली. मागे उरलेल्या मुलांच्या पालकांमध्ये रूबेन्सने आपलं नाव दिलं. तीनेक वर्षांनी तो माद्रिदला गेला, तिथे राजाच्या संग्रहात आधीच्या शतकातला इटालियन चित्रकार तित्सियानो याचं आदम-ईव्हचं चित्र होतं, त्याची त्याने नक्कल केली. नक्कल करताना मूळ चित्रात नसलेली एक गोष्ट त्याने आपल्या मनाने घातली. झाडावर बसलेला एक लाल पोपट.